अण्णांची शिकारवही

दिवाळीनंतर चार दिवस मैंदर्गीला जाऊन आले. माहेरचं घर आता बंदच असतं. भाऊ थोरल्या मुलाकडे पुण्याला राहतो, त्याला आता प्रवास झेपत नाही. पत्रे गळायला लागले म्हणून माळवदावरचं सामान काढायचं होतं. माझ्या घरून अक्कलकोटपर्यंत एसटी, पुढे दुधनीच्या रस्त्याने वडाप, हा प्रवास या वयात काही सुखाचा नाही. पण गेले ते बरं झालं. एका लोखंडी ट्रंकेत अण्णांची वही सापडली.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती. आमच्या काळ्या रानात ज्वारी, तूर आणि हरभरा. हरभरा कोवळा असला की हरणांचे कळप रात्री येऊन साफ करून जात. (आमच्याकडे घरात अर्धं कानडी चालायचं, तेव्हा हरणाला आम्ही चिगरीच म्हणायचो.) रानडुकरांचा त्रास वेगळाच. बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी म्हणून मिळालेला होता, आणि राखणीबरोबर शिकारही होत असे, हे कबूल केलं पाहिजे. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आज वाटतं. असो.

ट्रंकेत तीन गोष्टी होत्या. पहिली, बंदुकीच्या परवान्याचं पुस्तक. त्यात नूतनीकरणाचे शिक्के आणि सोलापूरच्या दुकानदाराने किती काडतुसे कोणत्या तारखेला दिली याची त्याच्या सहीची नोंद. दुसरी, भिंतीवरच्या काळविटाच्या शिंगांचे कागद. आणि तिसरी ही वही. शाळेची साधी दोनशे पानी. १९५६ पासूनची. तारीख, रानाचं नाव, प्राणी, नर की मादी, काडतुसे किती गेली, बरोबर कोण. अण्णा चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखं. शेवटच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच नाव पुन्हा पुन्हा येतं. ते नाव एका फासेपारध्याचं आहे.

न्यू जर्सीतल्या भाच्याला फोनवर वहीचं सांगितलं, तर तो हरखूनच गेला. "आत्या, सगळी वही स्कॅन करून टाक ना! आपल्या घराण्याचा इतिहास आहे." माझ्याही मनात तेच होतं. दोन दिवस मी पानांचे फोटोसुद्धा काढले. मग एका दुपारी हात थांबला. का थांबला, तेवढ्यासाठी हा लेख.

थोडं मागे जावं लागेल. बंदूक बाळगणाऱ्याचं नाव सरकारी वहीत लिहायचं, ही गोष्ट आपल्याकडे सत्तावन्नच्या उठावानंतर पक्की झाली. १८७८ चा हत्यारांचा कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. त्यात युरोपियन लोकांना परवान्याच्या कटकटीतून सूट होती, राजेरजवाड्यांना होती, आणि सामान्य हिंदी माणसाला मात्र अर्ज, चौकशी, नोंद. अक्कलकोटच्या नव्या राजवाड्यातलं शस्त्रागार तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. भिंतीभर बंदुका, तलवारी, भाले. तिथून काही कोसांवर आमच्या अण्णांना एका नळीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. काँग्रेसच्या जुन्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत, त्यामागे हीच चीड होती. तो कायदा गेला आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. गोऱ्याकाळ्याचा भेद राहिला नव्हता, पण नोंद राहिली. राहायलाच हवी होती. कोणाकडे बंदूक आहे हे कोणालाच माहीत नाही, अशा गावात मला तरी राहायला आवडणार नाही.

शिकारीची नोंद ही त्याहून निराळी. बंदुकीचा परवाना वेगळा, शिकारीचा वेगळा. मुंबई राज्याने १९५१ मध्येच वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होता. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. आज ऐकून नवल वाटेल, पण या कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती. मोठी शिकार, लहान शिकार, जनावरं पकडणं, अशा निरनिराळ्या वर्गांचे परवाने. परवानेवाल्याने काय मारलं, काय पकडलं याची वही ठेवायची, काही प्राण्यांच्या बाबतीत पंधरा दिवसांत लेखी कळवायचं, आणि मुदत संपली की वही जमा करायची. १९९१ च्या दुरुस्तीने हे सगळं कलमच गेलं आणि शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. अण्णा त्याच्या पुष्कळ आधी थांबले होते. त्यांच्या वहीत शिकारीची शेवटची नोंद जानेवारी १९७२ ची आहे, दोन तित्तिर.

त्याच कायद्याने घरातल्या शिंगांचा, कातड्यांचा हिशोब मागितला. ठरावीक प्राण्यांची अशी वस्तू जवळ असेल तर तीस दिवसांत कळवा. काळवीट पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे आमच्या ओसरीवरची शिंगं त्यात बसत होती. अण्णांनी कळवलं. गावात आणखी चार-पाच घरांत शिंगं होती, एकाकडे तर बिबट्याचं कातडं होतं. त्यांनी काढून माळवदावर टाकलं आणि गप्प बसले. अण्णा २००४ मध्ये गेले, तेव्हा भावाने वारसाने शिंगं आल्याचं नव्वद दिवसांच्या आत पुन्हा कळवलं. तशी तरतूद आदल्याच वर्षी झाली होती. तेव्हा चौकशीला माणूस आला तो आमच्याकडे. गप्प बसलेल्यांकडे कोण कशाला येईल? त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, गृहपाठ न करणाऱ्यापेक्षा चुकीचा करून आणणाऱ्याची वहीच लाल होते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. वन्यजीव कायद्याचं ३४ वं कलम सांगतं की अभयारण्य जाहीर झाल्यापासून तीन महिन्यांत, आत किंवा दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येक बंदूकधारकाने वन विभागाकडे आपलं नाव नोंदवायचं. कलेक्टर कचेरीतली नोंद असतेच, ही दुसरी. हेतू उघड आणि रास्त आहे. माळढोकासारखा पक्षी उघड्या माळावर उभा असतो, लांबून दिसतो, आणि आज तो आपल्या जिल्ह्यात जवळपास दिसेनासा झाला आहे. पण मला त्यातली गंमत अशी वाटते की फासे लावणारा, गावठी बंदूक वापरणारा, खाण्यात स्फोटकं घालून डुकरं मारणारा, यांतला कोणी या वहीत नसतो. तिथे नाव त्याचंच, ज्याने परवाना काढला.

आता त्या शेवटच्या रकान्यातल्या नावाकडे येते.

ज्या काळात बंदुकांची नोंद सुरू झाली, त्याच काळात माणसांचीही नोंद सुरू झाली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. तो आधी उत्तरेत होता, १९११ च्या कायद्याने देशभर पसरला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मग तिच्यातल्या माणसांची नावं नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, आणि हजेरीला बोलवायचं. व्यक्तीने काय केलं याचा खटला नाही, जन्म कुठे झाला एवढं पुरे. सोलापूरची सेटलमेंट ही त्यातली मोठी वसाहत. तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. शहरात आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं. माझ्या वर्गात तिथली मुलं असत. पत्ता सांगताना काही मुलं आवाज खाली आणत, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मी आपली, "मोठ्याने सांग, ऐकू येत नाही," म्हणून ओरडायचे. आजही आठवलं की वाईट वाटतं.

मुंबई राज्याने तो कायदा १९४९ मध्ये काढला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला आणि ही माणसं विमुक्त झाली. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. शस्त्र अधिनियमही त्याच सालचा, हा योगायोग. कागदावर जमात सुटली, पण चोरी झाली की पहिली जीप कुठे जाते ते खेड्यात राहिलेल्या कोणालाही विचारा.

अण्णांबरोबर येणारा तो माणूस मी पाहिलेला आहे. उंच, काटक, डोक्याला मळकं मुंडासं. तित्तिराची शीळ अशी घालायचा की खरा तित्तिर झुडपातून उत्तर द्यायचा. अण्णांकडे बंदूक होती, पण हरण कोणत्या वाटेने येईल हे त्याला कळायचं. एकाच शिकारीला दोघं जात. एकाचं हत्यार वहीत नोंदलेलं, दुसरा तरुणपणी स्वतःच वहीत नोंदलेला. अण्णांना परवाना मिळाला तो गावात पत असलेला शेतकरी म्हणून. याने परवाना मागितला असता तर काय झालं असतं, हे लिहायची गरज नाही. आणि १९७२ नंतर अण्णांची फक्त हौस गेली, याचं पोट गेलं.

वहीची मागची पानं मात्र वेगळीच आहेत. बहात्तरचा दुष्काळ तुम्हांला आठवत असेल, निदान आईवडिलांकडून ऐकलेला असेल. सोलापूर जिल्ह्यात खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते, अशी कामं निघाली होती. सुकडी वाटत. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बी.ए. करत होते. कामावर हजेरीपटात कधी कधी नावं गळायची. कोणाची गळायची ते वेगळं सांगायला नको. अण्णांनी या वहीच्या उरलेल्या पानांवर काही घरांची हजेरी स्वतः लिहून ठेवायला सुरुवात केली, आणि पगाराच्या दिवशी ती वही घेऊन जाऊन ते भांडत. त्या यादीत आपल्या त्या पारध्याच्या बायकोचं नाव आहे, सुनेचं आहे. पुढे दिवस, पुढे रुपये. नाव लिहिलेलं असल्यामुळे त्या घरात ज्वारी आली.

म्हणजे एकाच वहीच्या पुढच्या पानांवर त्या घराला अडकवू शकेल असं लिहिलेलं, आणि मागच्या पानांवर त्याच घराला जगवणारं.

हे सगळं आमच्या घरच्यांना पोथीपंडितीचं वाटू नये म्हणून २००९ सालची हकीकत सांगते. अण्णांच्या नंतर बंदूक भावाच्या परवान्यावर आली होती. निवडणूक आली की बंदुका पोलिसांकडे जमा करायच्या, निकाल लागल्यावर परत आणायच्या. कोकणात सिंधुदुर्गाकडे तर शेतीसंरक्षणाच्या बंदुका भरपूर, तिथल्या शेतकऱ्यांना ही ये-जा पाठच झालेली. डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत, त्यामुळे ऐन पिकात बंदूक नसते ही त्यांची जुनी तक्रार. आमच्या भावानेही वेळेवर जमा केली, पावती घेतली. तरी एका कचेरीच्या फलकावर जमा न केलेल्यांची यादी लागली, तीत त्याचं नाव! नाव, गाव, हत्याराचा प्रकार, आणि 'शेतातील वस्ती' असा पत्ता. चूक कारकुनाची होती, दोन दिवसांत खोडली. कचेरीचं नाव घेत नाही, माणसाकडून चूक होते. पण तोपर्यंत बाजाराच्या दिवशी शेकडो लोकांनी वाचली होती. भाऊ तेव्हा वस्तीवर राहायचा. बायको, दोन मुलं, शेजार नाही. बंदूक घरात आहे हेही लोकांना कळलं, आणि पावती पाहणाऱ्यांना ती घरात नाही हेही कळलं. दोन्ही वाईट. त्या महिन्यात तो नीट झोपला नाही. पुढे काही वर्षांनी त्याने बंदूक कायमची देऊन टाकली, तिच्या मुळाशी ही यादी होती असं वहिनी म्हणते. भाऊ म्हणतो गुडघे दुखायचे म्हणून.

भाच्याने मला अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली ती याच्याशी जुळते. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या एका शाळेत गोळीबार होऊन लहान मुलं गेली. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या 'द जर्नल न्यूज' या वर्तमानपत्राने माहितीच्या कायद्याखाली पिस्तुलाच्या परवानेधारकांची नावं मिळवली आणि दोन काउंटींचा नकाशा छापला. ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव आणि पत्ता. केवढा गदारोळ झाला! पत्रकारांनाच धमक्या आल्या, वर्तमानपत्राने दारात बंदूकधारी रखवालदार नेमले (यावर मी काही बोलत नाही), आणि जानेवारी २०१३ मध्ये नकाशा काढून टाकला. त्याच महिन्यात राज्याने कायदा करून, परवानेधारकाला आपलं नाव उघड करू नका असं सांगण्याची सोय दिली.

आपल्याकडे काय? माझी पदवी मराठीतून, तेव्हा कायदे मी मराठी पुस्तिकांतून वाचते, आणि एकेका वाक्याला तीनदा अडखळते. २००५ च्या माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमात असं आहे की ज्यांना सवलती, परवाने दिले त्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करावा. आणि आठव्या कलमात असं आहे की कोणाच्या जिवाला धोका होईल अशी, किंवा सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती नाकारता येते. बंदुकीचा परवाना यांतल्या कोणत्या खणात टाकायचा? दोन्हीत बसतो! २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने माहिती अधिकारातलं ते खाजगी माहितीचं कलम बदललं, आणि आता नकार देणं कचेरीला पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. दरम्यान देशभरातले शस्त्रपरवाने एका संगणकीय नोंदीत आले आणि प्रत्येकाला क्रमांक मिळाला. पूर्वी वही वाचायला कचेरीपर्यंत जावं तरी लागत होतं.

माझं मत विचाराल तर ते एका दिशेचं नाही. जिल्ह्यात किती परवाने दिले, कोणत्या कारणासाठी दिले, ज्याच्यावर गुन्हे आहेत अशा पुढाऱ्याच्या पोराला मिळाला आणि डुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला का नाही, हे लोकांना कळलंच पाहिजे. ते झाकायला खाजगीपणाचं पांघरूण नको. पण एकट्या वस्तीचा पत्ता आणि हत्याराचा प्रकार फलकावर लावून कोणाचंही भलं होत नाही. कचेरीचं वागणं उघडं असावं, माणसाचं घर नसावं. हे लिहायला सोपं आहे, करायला कारकुनाला कठीण जाईल हे कळतं मला.

तर वही. मी ती घेऊन त्या पारध्याच्या नातवाकडे गेले. कुठे राहतो, काय करतो ते लिहीत नाही. माझाच विद्यार्थी निघाला, सातवीत दोन वर्षं होता. चहा झाला. मी त्याला पानं दाखवली आणि इंटरनेटवर टाकू का विचारलं. त्याने बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाला, "बाई, हरणं किती मारली ते लिवा की. आमच्या आज्ज्याचं नाव कशाला? गेल्या साली बी आमच्या पोराला उगंच उचलून नेलते. त्यात ह्ये कुणी वाचलं तर म्हणतील, बघा, पयल्यापासनंच."

पन्नास वर्षांपूर्वीच्या हरणासाठी आज कोण पकडणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी बोलले नाही. मला कोणी कधी उचलून नेलेलं नाही.

म्हणून भाच्या, वही स्कॅन होणार नाही. रागावू नकोस. काय मारलं आणि कुठे, याचा तक्ता मी करते आहे, साल आणि रानासकट. १९५६ ते १९७२ या काळात आमच्या भागात हरणं, तित्तिर, ससे किती होते याची कोणा अभ्यासकाला त्यातून कल्पना येईल. माणसांचा रकाना त्यात नसेल. अण्णांचं नाव आहे, कारण ते माझे वडील आहेत आणि शिकार त्यांनी केली.

मी निघताना त्याने मागची पानं पुन्हा मागितली, दुष्काळाच्या हजेरीची. आजीच्या नावावर बोट ठेवून पुढचे दिवस मोजले. चोवीस भरले. मग खिशातून मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला, आणि आईला दाखवायला आत गेला.